तीन टिंबांचे बटाटे

“सात नंबर मेला! ताई, सात नंबर मेला!”

पिटुकलीची आरोळी गच्चीवरून निघाली ती थेट तिसऱ्या मजल्यावरच्या स्वयंपाकघरात शिरली. घारीनं हातातला पाव बशीत टाकला आणि दोन-दोन पायऱ्या गाळत गच्ची गाठली. ती वर पोचली तेव्हा तोफ आणि शंकासुर आधीच बादलीपाशी उकिडवे बसले होते.

ही चौघांची टोळी. घारी सगळ्यांत मोठी, तेरा वर्षांची. डोळे घारे म्हणून नाव घारी. पिटुकली तिची धाकटी बहीण, नुकतं नववं लागलेली. तोफ तळमजल्यावरचा. त्याला कुजबुजता येत नसे. कुजबुजला तरी समोरच्या इमारतीत ऐकू जाई. आणि शंकासुर दुसऱ्या मजल्यावरच्या नर्सबाईंचा मुलगा. ‘आज बुधवार आहे’ असं सांगितलं तरी ‘कशावरून?’ विचारणारा.

गच्चीवर त्यांचं शेत होतं. शेत म्हणजे रंगाच्या बारा रिकाम्या बादल्या. बुडाला भोकं पाडलेल्या, तळाशी थोडी माती आणि कुजलेला पालापाचोळा घातलेल्या, आणि प्रत्येकीत कोंब फुटलेला एकेक बटाटा. झाड वीतभर वाढलं की मातीची भर घालायची, आणखी वाढलं की आणखी भर. असं करता करता बादल्या काठोकाठ भरल्या होत्या. वर वाकवलेल्या नळ्यांच्या कमानी, कमानींवर पांढरी बारीक जाळी, आणि आत अळ्यांची अंडी घालणारं पाखरू शिरू नये म्हणून जाळीच्या कडा कपड्यांच्या चिमट्यांनी बादलीच्या काठाला पक्क्या केलेल्या.

येत्या रविवारी बटाटे काढायचे होते. आणि आज सात नंबरनं मान टाकली होती!

“पाणी कमी पडलंय!” तोफ गरजला.

“कशावरून?” शंकासुरानं बोट खुपसलं. “माती ओली आहे की.”

घारीनं चिमट्याला हात घातला, तशी पिटुकली किंचाळली, “थांब! चिमटे काढू नकोस! मी लाल-पिवळा-लाल-पिवळा असेच लावते. हे बघ, इथे दोन लाल शेजारी-शेजारी आहेत. हे मी लावलेले नाहीत.”

सगळ्यांनी वाकून चिमटे पाहिले. जाळीच्या बाबतीत पिटुकली चुकणार नाही, हे आता सगळ्यांना ठाऊक होतं. घारीनं हलकेच जाळी उचलली आणि बादलीच्या कडेनं मातीत हात घातला. हात सहज कोपरापर्यंत गेला. माती नुसती भुसभुशीत! बोटांना तुटकी मुळं लागली. सुपारीएवढे दोन बटाटे लागले. बाकी काही नाही.

“उंदीर,” तोफ म्हणाला.

“उंदीर बटाटे खाऊन परत चिमटे लावतो होय रे?” शंकासुर म्हणाला.

त्यांनी बाकीच्या बादल्या तपासल्या. तीन नंबर आणि दहा नंबर पण पोकळ निघाले! झाडं वर शहाण्यासारखी उभी, आणि खाली माल गायब. चोरानं कडेनं हात घालून बटाटे ओढले होते आणि माती पुन्हा थोपटून ठेवली होती.

“कोण ओरडतंय माझ्या शेतात?” जिन्यातून आवाज आला आणि मामा गच्चीवर आला.

मामा म्हणजे घारी-पिटुकलीच्या आईचा धाकटा भाऊ. वर्षभरापूर्वी तो त्यांच्याकडे राहायला आला आणि गच्चीचं रूपच पालटलं. तो बागकामाचे व्हिडिओ करायचा, आणि ते बघणारे हजारो होते. इमारतीत सगळेच त्याला मामा म्हणत. बटाटा लावताना डोळे आभाळाकडे ठेवायचे, भोपळ्याची जाळी फुलं आली की दिवसा उघडायची कारण त्याला मधमाशी लागते, बटाट्याला लागत नाही म्हणून त्याची जाळी कधीच उघडायची नाही, हे सगळं त्यानंच शिकवलं होतं. घारीला तो ‘माझा उजवा हात’ म्हणायचा. घारी त्याच्यावर जीव टाकायची.

मामाचं स्वतःचं एक मोठं निळं पिंप होतं. त्यात तो ‘जादूचं खत’ घालून बटाटे वाढवत होता. पण महिन्यापूर्वी त्या पिंपातल्या झाडाचा अळ्यांनी पार फडशा पाडला. संध्याकाळी पाणी घालायचं काम पिटुकलीचं. मामानं कॅमेरा चालू करून तिला विचारलं, “जाळी उघडी कोणी टाकली, बाळा?” पिटुकली गोंधळली. “मीच टाकली असेन,” म्हणाली, आणि भोकाड पसरलं. ‘मुलांच्या हाती बाग देताना सावधान!’ या नावानं तो व्हिडिओ घरोघरी पोचला. शाळेत मुलं पिटुकलीला ‘अळी’ म्हणायला लागली. त्या दिवसापासून ती झोपायला जाण्याआधी एकेक चिमटा मोजायची.

“मामा, चोरी झाली!” घारीनं सगळं सांगितलं.

मामानं कपाळावर हात मारला. “अरेरे! तीन बादल्या? आता मला कळलं. हा उद्योग त्या सुतारकाकांचा! गच्चीवर पाणी सांडतं म्हणून कुरकुरत असतात ना सारखे?”

“ते माझे सख्खे काका आहेत!” तोफ इतक्या जोरात म्हणाला की कठड्यावरची कबुतरं उडाली.

“मी आपलं म्हटलं,” मामा गोड हसला. “पण ऐका, रविवारपर्यंत बोभाटा नको. खताच्या कंपनीच्या मॅडम यायच्या आहेत. माझं पिंप त्यांच्यासमोर उघडायचं आहे. त्यांना पटलं तर त्यांच्या सगळ्या जाहिराती मीच करणार! तेवढं सांभाळा. घारे, तू माझा उजवा हात ना?”

“हो मामा,” घारी म्हणाली.

सुतारकाकांचं दुकान इमारतीच्या तळमजल्यावरच होतं. दारातच भुश्शाचा ढीग, आत रंध्याचा करकर आवाज. टोळी रांगेनं उभी राहिली. कोणी सुरुवात करायची यावरून कोपरखळ्या झाल्या.

“काका, तुम्ही बटाटे चोरलेत का?” शेवटी तोफेनंच बार उडवला.

काकांनी रंधा थांबवला. चष्म्यावरून एकेकाकडे पाहिलं. “मला दमा आहे. दोन जिने चढलो तर तिसऱ्यावर माझीच उचलबांगडी करावी लागेल. मी तुमच्या बटाट्यांसाठी चार जिने चढू?”

“पण मामा म्हणाला...” पिटुकली पुटपुटली.

“मामा म्हणाला?” काका खाकरले. “त्या तुमच्या मामाचंच काम परवा करून दिलं की मी. निळ्या पिंपाला बुडाशी लावायला एक सरकतं दार करून दिलं, वर नेऊन बसवलं त्यानंच. म्हटलं, पिंपाला दार कशाला? तर म्हणे, आतले बटाटे दाखवायला. वर आणि बजावलं, पोरांना सांगू नका, त्यांची गंमत करायची आहे.”

बाहेर आल्यावर शंकासुर जिन्याच्या पायरीवर बसला. मग म्हणाला, “ज्या दारातून बटाटे बाहेर येतात, त्याच दारातून ते आतही जाऊ शकतात.”

“काय म्हणायचंय तुला?” घारीनं एकदम विचारलं.

“काही नाही. शंका आहे.”

“तुझ्या शंका तुझ्याजवळ ठेव! मामा असं कधी करणार नाही!”

“मग पुरावा गोळा करू,” शंकासुर शांतपणे म्हणाला. “चोर दुसरा कोणी असेल तर तोही सापडेल.”

याला नाही म्हणता येईना. गुरुवारी सकाळी त्यांनी पाच नंबरची बादली निवडली. घारीनं कडेची माती हलक्या हातानं बाजूला केली. आत गुबगुबीत बटाटे मुळांना लटकलेले होते. शंकासुरानं कंपासपेटीतल्या कर्कटकाच्या टोकानं प्रत्येकाच्या सालीवर तीन टिंबं टोचली. मग माती पूर्ववत, आणि पिटुकलीचे चिमटे. लाल, पिवळा, लाल, पिवळा.

गुरुवार कोरडा गेला. शुक्रवारी दुपारी, इमारत जेवून पेंगत असताना, चौघं पाण्याच्या टाकीमागे दडून बसले. तोफेनं स्वतःच स्वतःच्या तोंडाला रुमाल बांधून घेतला होता. टाकीचा पत्रा तापला होता, पाठ भाजत होती. अर्धा तास गेला. पिटुकलीला पेंग आली.

जिन्याचं दार करकरलं.

मामा होता. हातात कापडी पिशवी. ‘मामा बागेला पाणी घालायला आला असेल,’ घारी मनाशी म्हणाली. ‘पाणीच घालेल.’ मामानं एकदा मागे पाहिलं. मग तो पाच नंबरपाशी बसला, चिमटे काढले, बाही वर सारली आणि हात मातीत घातला. तोंडानं गुणगुणत होता. पिटुकलीला झोपवताना गुणगुणायचा, तीच चाल! एक, दोन, तीन... सात बटाटे पिशवीत गेले. माती थोपटून त्यानं जाळी लावली. दोन पिवळे चिमटे शेजारी-शेजारी आले. पिशवी झुलवत तो खाली गेला.

तोफेनं रुमाल सोडला, पण त्याच्या तोंडून शब्द फुटेना. हे पहिल्यांदाच घडत होतं.

“ताई, मामानं का नेले?” पिटुकलीनं विचारलं. “मागितले असते तर आपण दिले असते.”

घारी उठली आणि जिना उतरली. तिला ‘चोर सापडला’ म्हणून ओरडावंसं वाटेना. चोर न सापडता तर बरं, असं वाटत होतं.

थोड्या वेळानं चौघं सज्जाच्या टोकाला मामाच्या खोलीपाशी गेली. खिडकी उघडी, मामा आंघोळीला गेलेला. खिडकीच्या कट्ट्यावर लख्ख उन्हात एक परात होती. परातीत स्वच्छ धुतलेले बटाटे. आजचे सात वर, आणि खाली आधीचे, पंचवीस-तीस तरी. कॅमेऱ्यात चकाकावेत म्हणून धुवून ठेवले असणार. खालचे बटाटे मात्र पिवळट राहिले नव्हते. त्यांच्या साली हिरव्या पडल्या होत्या.

घारी कट्ट्यावर वाकली. तिचे बाबा इस्पितळाच्या स्वयंपाकघरात आचारी होते. त्यांचं वाक्य तिला पाठ होतं, “उजेडात पडून हिरवा झालेला बटाटा मी पातेल्याजवळ फिरकू देत नाही. विषारी असतो तो. पोटात ढवळतं, उलट्या होतात.” आणि रविवारी पिंप उघडल्यावर तेच बटाटे उकडून सगळ्या इमारतीला खायला घालायचे, असं मामानंच ठरवलं होतं!

“पण याला आपले बटाटे कशाला हवेत?” तोफ म्हणाला. “त्याच्या पिंपात आहेत ना?”

“कशावरून?” शंकासुर म्हणाला. “पानं सगळी अळ्यांनी खाल्ली. पानंच नाहीत तर बटाटा पोसणार कोण? आता फुटलीत ती चार कोवळी पानं. खाली गोट्या असतील गोट्या!”

शनिवारी सकाळी घारी एकटीच मामाचे जुने व्हिडिओ बघत बसली. का, ते तिचं तिलाही सांगता आलं नसतं. कुठेतरी मामाची बाजू सापडेल, अशी आशा असावी. पिंपाचा एक व्हिडिओ होता, अळ्या पडण्याच्या आठवडाभर आधीचा. “बघा, काय तजेलदार पान!” मामा सांगत होता. पान छान दिसत होतं. फारच छान दिसत होतं. घारीनं व्हिडिओ थांबवला. मध्ये जाळीच नव्हती! जाळी मागे, कठड्यावर, घडी करून ठेवलेली. चांगलं चित्र यावं म्हणून काढलेली. आणि ‘पुढचे दोन दिवस इथेच चित्रण आहे’ असंही मामा हसत सांगत होता. पानावर एक करडं पाखरू बसलं होतं. अंडी घालायला आलेलं.

घारीनं तारीख पाहिली. चौदा. तिनं भिंतीवरच्या कॅलेंडरचं मागचं पान काढून पाहिलं. तेरा, चौदा, पंधरा या चौकटींवर आईच्या अक्षरात लिहिलं होतं, ‘पिटुकली ताप. नर्सबाईंकडे.’

पिटुकली त्या दिवशी गच्चीवर गेलीच नव्हती. जाळी मामानं काढली होती. आणि त्याला ते माहीत होतं. कॅमेरा चालू करून त्या एवढ्याशा पोरीला रडवताना, माहीत होतं.

घारी आईकडे गेली. आई पोस्टात जायच्या घाईत होती. “आई, मामानं आपल्याला फसवलंय.”

“काहीतरीच काय बोलतेस?” आईचा चेहरा कडक झाला. “तुमच्यासाठी किती करतो तो! मोठ्या माणसावर असे आळ घेऊ नयेत. पुन्हा बोलू नकोस.”

बाबा दोन दिवस इस्पितळातच होते. उरला एकच माणूस. घारी मामाच्या दारात उभी राहिली. कट्ट्यावरची परात आता रिकामी होती.

“मामा, तुला मला काही सांगायचंय का?”

मामानं वर पाहिलं. क्षणभरच त्याची नजर हलली. मग तो हसला, नेहमीसारखा, डोळ्यांच्या कडांना सुरकुत्या पाडून. “वेडाबाई! तुझ्यापासून मी कधी काही लपवलंय?”

घारी खाली आली आणि टोळीला म्हणाली, “उद्या त्याला सगळ्यांसमोर पकडायचं.”

“पिंपात कांदे भरू या!” तोफेचे डोळे चमकले. “दार उघडलं की बटाट्याच्या झाडाला कांदे!”

सगळे हसले. घारी हसली नाही. “नको. मग तो म्हणेल, मुलांनी चावटपणा केला. त्याचेच बटाटे बोलले पाहिजेत. फक्त ते त्याच्या हातात परत जाता कामा नयेत.”

रविवारी सकाळी गच्ची भरून गेली. इमारतीतली तीस-पस्तीस माणसं, कंपनीच्या मॅडम, तिकाटण्यावर कॅमेरा. बाबा रात्रपाळी संपवून आले होते. एका कोपऱ्यात त्यांनी शेगडीवर मोठं पातेलं ठेवलं होतं, पाण्याला उकळी येत होती. सुतारकाकासुद्धा धापा टाकत, दर मजल्यावर थांबत वर आले होते.

“आणि आता...” मामानं पिंपाच्या सरकत्या दाराच्या खुंटीला हात घातला, “एका पिंपातली जादू!”

दार सरकलं. बटाटे गडगडत बाहेर आले. दहा, वीस, तीस! टाळ्यांचा कडकडाट झाला. मॅडमच्या भुवया उंचावल्या.

“मामा, मी सगळ्यांना एकेक देऊ?” पिटुकली टोपली घेऊन पुढे आली. “आठवण म्हणून!”

“शाब्बास! देऊन टाक!” मामा कॅमेऱ्याकडे बघत म्हणाला.

पिटुकली भराभर फिरली. दोन मिनिटांत गच्चीवरच्या प्रत्येकाच्या हातात बटाटा होता. मॅडमच्या हातात, नर्सबाईंच्या, सुतारकाकांच्या, आईच्या, बाबांच्या. मग घारी पुढे झाली. 

“मामा, एक प्रश्न आहे. बाबांच्या हातातला बटाटा हिरवा का?”

“ताजा आहे ना म्हणून!” मामा म्हणाला. लोक हसले.

बाबा हसले नाहीत. त्यांनी बटाटा उन्हात फिरवून पाहिला, नखानं साल खरवडली. “ताजा? हा आठवडाभर तरी उजेडात पडलेला आहे. असले बटाटे उकडून लोकांना द्यायचे होते?” त्यांनी शेगडी बंद केली. “कोणीही खाऊ नका!”

“मामा,” घारीचा आवाज फुटला, “पिंपात, मातीच्या खाली, उजेड कुठून आला?”

सगळे हातातले बटाटे उलटेपालटे करून पाहू लागले.

“आणि ज्यांचा बटाटा हिरवा नाही, त्यांनी सालीवर बघा!” तोफेला आता कोणी अडवणार नव्हतं. त्याचा आवाज चार गल्ल्या ओलांडून गेला. “तीन टिंबं आहेत का? कर्कटकानं टोचलेली? ती शंकासुरानं टोचलीत! आमच्या पाच नंबरच्या बादलीत!”

“माझ्याकडे आहेत,” नर्सबाई म्हणाल्या. “माझ्याकडेही!” दुसरं कोणी म्हणालं. मॅडमनी आपला बटाटा डोळ्यांजवळ नेला आणि पर्समध्ये टाकला. मग म्हणाल्या, “ते झाड उपटा.”

तोफेनं पिंपातलं झाड उपटलं. मुळांना पाच-सहा हिरमुसल्या गोट्या लटकत होत्या.

“कुंपणानंच शेत खाल्लं म्हणायचं!” सुतारकाका म्हणाले.

मामाचा चेहरा पांढराफटक पडला. तो इकडेतिकडे पाहू लागला आणि त्याची नजर पिटुकलीवर थांबली. “मी तरी काय करणार? माझं खरं पीक अळ्यांनी खाल्लं! हिनं जाळी उघडी टाकली म्हणून ही वेळ आली माझ्यावर! विचारा हिला!”

पिटुकलीनं मान खाली घातली. टोपली तिच्या हातातून निसटली.

ते पाहून घारीची उरलीसुरली भीती पळाली. तिनं फोन सरळ आईच्या हातात दिला. “आई, हा मामाचाच व्हिडिओ. जाळी कुठे आहे बघ. पानावर काय बसलंय बघ. आणि तारीख बघ.”

“चौदा,” आई हळू आवाजात म्हणाली. नर्सबाई तिच्या खांद्यावरून वाकल्या. “चौदाला? अहो, तेरा ते पंधरा ही पोर तापानं फणफणून माझ्या घरात झोपली होती! ही जाळी कशी काढेल?”

आईनं भावाकडे पाहिलं.  नुसतंच पाहत राहिली.

पिटुकली पुढे आली. “मामा, म्हणजे मी जाळी उघडी टाकली नव्हती?”

मामानं नजर चुकवली.

“तुला माहीत होतं?”

मामा पिंपाचं दार सरकवून बंद करू लागला.

“मग मी रडत होते तेव्हा सांगितलं का नाहीस?”

ती रागावलीही नव्हती. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. तेच मामाला सोसलं नाही. तो कॅमेरा तिथेच टाकून जिन्याकडे वळला. त्याच्यासाठी लोकांनी वाट मोकळी केली.

मग मॅडमनी चष्मा पुसला. “या दुसऱ्या बादल्या कोणाच्या?”

“आमच्या,” शंकासुर म्हणाला. आणि पहिल्यांदाच त्यानं ‘कशावरून’ विचारायची संधी दुसऱ्याला दिली.

एक नंबरची बादली ताडपत्रीवर पालथी झाली. मातीच्या ढिगातून पिवळेधमक, टणक बटाटे निघाले, आणि सगळे झाडाला धरून! मग दोन नंबर, मग चार. लोक वाकून वाकून बघत होते. बाबांनी एकेक बटाटा उलटापालटा करून पाहिला आणि शेगडी पुन्हा पेटवली.

“यांना खत कोणतं घातलंत?” मॅडमनी विचारलं.

“पालापाचोळा,” पिटुकली नाक ओढत म्हणाली. “आणि वेळच्या वेळी भर. आणि जाळी. रोज बंद.”

“आमच्या कंपनीला हे परवडणार नाही,” मॅडम म्हणाल्या, आणि पहिल्यांदाच मनापासून हसल्या. “पण हिरवे बटाटे लोकांच्या पोटात गेले असते तर आम्हाला तोंड दाखवायला जागा राहिली नसती. तुम्ही आज मोठं काम केलंत.”

नर्सबाईंनी शंकासुराला जवळ ओढलं. सुतारकाकांनी तोफेच्या पाठीवर अशी थाप मारली की तो दोन पावलं पुढे गेला. “कमानी आता लाकडाच्या करून देतो,” ते म्हणाले. “फक्त न्यायला खाली या रे बाबांनो.” शेजारच्या आजोबांनी जाहीर केलं की पुढच्या हंगामात अर्धी गच्ची मुलांची, आणि सगळ्यांनी हात वर केले. पिटुकलीला तर कोणी खांद्यावरून खाली उतरूच देईना.

घारीचं कौतुक सगळ्यांत जास्त झालं. ती हो-हो म्हणत राहिली. तिला मात्र कधी एकदा खाली जाते असं झालं होतं.

मामाच्या खोलीचं दार अर्धवट उघडं होतं. तो खाटेवर बसला होता, हात गुडघ्यांवर, नखांत अजून बादलीतली माती.

“तुझ्याकडून ही अपेक्षा नव्हती, घारे,” तो म्हणाला. “तू माझा उजवा हात.”

घारीच्या डोळ्यांत पाणी आलं. इतके दिवस ते कुठे अडलं होतं कोण जाणे. “मला तुझ्याकडून होती अपेक्षा,” ती म्हणाली. “काल दारात उभं राहून विचारलं ना मी? तू खरं सांगितलं असतंस तर मी कोणाला काही बोलले नसते. सगळ्या बादल्या तुला दिल्या असत्या.”

मामानं नखांतली माती कोरली. “घाबरलो गं,” एवढंच म्हणाला.

“पिटुकलीपण घाबरली होती,” घारी म्हणाली आणि वळली.

जिन्यात आई उभी होती. सगळं ऐकलं असावं तिनं. तिच्या हातात ताटली होती. उकडलेले बटाटे, वर मीठ-मिरपूड, वाफ निघत होती. आईचे डोळे लाल झाले होते.

“काल तू सांगायला आलीस तेव्हा मी ऐकायला हवं होतं,” ती म्हणाली. “माझा भाऊ आहे ना, म्हणून कान बंद केले. चुकलं माझं. आणि तू आज जे केलंस ना, ते मला या वयातही जमलं नसतं.”

घारीनं मान हलवली. ताटलीकडे बघत विचारलं, “ही मामाला?”

“हो. सकाळपासून उपाशी आहे.”

“मी नाही देणार. पिटुकलीला देऊ दे, तिला हवं असेल तर. मला आत्ता नाही जमत.”

तिला वाटलं, आता आई समजूत घालेल, मोठं मन कर म्हणेल. आईनं तसं काहीच केलं नाही. तिनं ताटली दुसऱ्या हातात घेतली आणि मोकळ्या हातानं घारीच्या गालावरची माती पुसली.

“नको देऊस,” ती म्हणाली. “तू वर जा. तुझी टोळी जेवायची थांबली आहे.”